रात्रीची मेस कधी बंद केलीस?

पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांची मी समुपदेशक. त्यांचे आईवडील फोन करतात, तेव्हा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "मॅडम, पोरगं खोलीवर राहतं, मेसचं खातं. चौरस आहार कसा मिळायचा त्याला?" मुलंही तेच विचारतात, शब्द तेवढे वेगळे. "दुपारी पेंग येते, वाचलेलं राहत नाही." पूर्वी मी यावर आहाराचा तक्ता हातात ठेवायचे. पहिल्या भेटीत तरी आता देत नाही. ते एका मुलाने शिकवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

बीड जिल्ह्यातला, चोविशीतला. घरी कोरडवाहू शेती, वडील माळकरी, त्यामुळे अंडं-मटण वर्ज्य. सदाशिव पेठेत चौघांत एक खोली, दिवसभर अभ्यासिका. आपल्याला नैराश्य आलंय, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. थकव्याचं कारण लगेच मनात शोधायला जायचं नाही, हा माझा जुना नियम. हिमोग्लोबिन कमी निघालं, बी-12 सुद्धा. डॉक्टरांनी औषधं दिली आणि वर सांगितलं, "नीट जेवत जा." ते 'नीट' माझ्या वाट्याला आलं.

मी हौसेने तक्ता दिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातला. पुढच्या भेटीत पठ्ठ्याने घडाघडा म्हणून दाखवलं: "2000 कॅलरींसाठी भाज्या 400 ग्रॅम, तृणधान्यं 250, फळं 100, डाळी-कडधान्यं 85, दाणे आणि तेलबिया 35, तेल-तूप 27, दूध-दही 300 मिली."

"शाब्बास. आणि काल काय खाल्लंस?"

"सकाळी चहा-क्रीमरोल. दुपारी मेस. रात्री... वडापाव."

"किती?"

"एक."

पेपरात आलं असतं तर पैकीच्या पैकी! माहितीचं दुकान मी चुकीच्या गल्लीत थाटलं होतं. ज्याला ठाऊक आहे आणि तरी जो खात नाही, तो स्वतःला आतून काहीतरी बजावत असतो. माणसाला प्रसंगापेक्षा प्रसंगाचा त्याने लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मानणाऱ्यांपैकी मी एक. ते बजावणं ऐकू येईपर्यंत तक्ता भिंतीवरच राहतो.

दोन-तीन भेटी इकडच्या तिकडच्या गेल्या. एकदा सहज विचारलं, "रात्रीची मेस कधी बंद केलीस?"

"मागच्या वर्षी. पूर्व परीक्षा निघाली नाही तेव्हा."

"घरून पैसे कमी यायला लागले?"

"नाही, तेवढेच येतात. वाचलेले वहीत मांडतो. पोस्ट निघाली की बाबांना परत द्यायचेत."

"आणि नाही निघाली तर?"

बराच वेळ तो पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, नापासाने दोन वेळा कशाला जेवायचं?"

"असं घरी कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. आई तर रोज विचारते, जेवलास का म्हणून. मी हो म्हणतो."

इथे 'अरे, असं नसतं' म्हणायचा मोह होतो. नव्या समुपदेशकांना मी सांगत असते, समजूत घालायची घाई करू नका. समजूत घातली की माणूस मान डोलावतो आणि विषय मिटतो. मी त्याला बैलांबद्दल विचारलं. कसं सुचलं, सांगता येणार नाही. आजोळच्या गोठ्याची आठवण असेल.

"2019 च्या दुष्काळात तुमच्याकडे काय पिकलं?"

"काहीच नाही. पेरलेलं सगळं गेलं."

"म्हणजे बैलांना काम नव्हतं. मग त्यांचा चारा एका वेळचा केला असेल वडिलांनी?"

"नाही ओ मॅडम! छावणीला नेले होते. बाबा स्वतः तिथंच राहायचे. पिकलं नाही म्हणून जनावराला उपाशी कसं—"

वाक्य तिथेच थांबलं. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि गप्प बसले. तो रडला, मग हसला, मग पुन्हा रडला. त्या दिवशी आहारावर आम्ही एक शब्दही बोललो नाही. त्या संध्याकाळपासून त्याने रात्रीची मेस सुरू केली.

पुढचं काम सोपं होतं, तक्त्याचंच. मेसमध्ये चपात्या, भात आणि बटाट्याचा रस्सा असेल तर पोट भरतं, पण तिन्ही मिळून बहुतेक पिष्टच. म्हणून तिसरी-चौथी चपाती सोडायची आणि उसळ किंवा वरण दोनदा घ्यायचं. जेवणावर लिंबू पिळायचं, कारण धान्य-कडधान्यांतलं लोह त्याने चांगलं शोषलं जातं. चहा त्या लोहाच्या आड येतो, म्हणून तो जेवणाला लागून नको, तासभर लांब. खोलीवर गॅस नसला तरी काकडी, गाजर, टोमॅटो, मुळा चिरायला सुरी पुरते. क्रीमरोलच्या जागी केळं किंवा पेरू आणि मूठभर शेंगदाणे. दूध-दही रोज, कारण जे अंडं-मांस खात नाहीत त्यांना जेवणातून बी-12 मिळायचं ते मुख्यतः तिथूनच. त्याचं आधीच कमी होतं, म्हणून गोळ्याही डॉक्टर सांगतील तोवर. गावाहून एसटीने येणाऱ्या डब्यात आईने लाडूंच्या जोडीने जवसाची आणि कारळाची चटणी पाठवायची. हे सगळं त्याच्याच घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. तक्त्याने त्याला ग्रॅम तेवढे दिले.

त्याच्या आईवडिलांशी एकदा फोनवर बोलले. म्हटलं, 'जेवलास का' या प्रश्नाला उत्तर 'हो'च येतं. 'काय होतं आज जेवायला' असं विचारा. खर्चाचा आणि निकालाचा विषय त्या फोनमध्ये आणू नका, त्याला वेगळा दिवस ठेवा. वडील एवढंच म्हणाले, "पैसे परत द्यायचे म्हणतो? येडा आहे का?" हे वाक्य त्याला तसंच्या तसं सांगायची परवानगी मी मागून घेतली.

यंदा पूर्व परीक्षा पुन्हा निघाली नाही. निकालाच्या रात्री त्याचा फोन आला, आवाज बसलेला.

"जेवलास?" माझ्याही तोंडून तेच निघालं.

"हो."

"काय होतं?"

"शेपूची भाजी, मॅडम. अजिबात आवडत नाही मला. पण खाल्ली."