हार्ट फेल्युअरमधला शॉक: बलून पंप लावायचा की आधी बांबोळी गाठायची?

डॉक्टर, जुना हार्ट फेल्युअर, ईएफ (हृदयाच्या पंपिंगचा टक्का) २०, नॉरॲड आणि डोब्युटामिन (बीपी आणि हृदयाचा जोर वाढवणारी औषधं) दोन्ही चालू, तरी लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात चढणारं) २ वरून ४ वर. अशा शॉकमधल्या (अवयवांना रक्त पुरत नाही अशा) रुग्णाला मडगावातच बलून पंप (महाधमनीत ठोक्याबरोबर फुगणारा-रिकामा होणारा फुगा) लावावा की बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवावं, हे तुम्ही विचारलंय. बांबोळीला फोन आत्ताच करा, बाकीचं नंतर. डोस वाढवत सकाळची वाट बघितली की किडनी आणि लिव्हर जातात. मग कुठलंही यंत्र आणा, उपयोग नाही.

बीपी ९५ आहे यावर विसंबू नका. हे रुग्ण वर्षानुवर्षं कमी बीपीवरच असतात. गार पाय, तासाला ३० मिलीखाली लघवी आणि चढतं लॅक्टेट बघा.

यंत्राआधी हृदयाची उजवी बाजू तपासा. स्वान-गँझ (फुप्फुसाच्या धमनीतला दाब मोजणारी नळी) असेल तर पल्मनरी सिस्टॉलिकमधून डायस्टॉलिक वजा करून सीव्हीपीने (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या दाबाने) भागा. उत्तर १ च्या खाली आलं तर उजवं वेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) थकलंय. डावीकडे रक्तच पोचत नसेल तर बलून काय न् इम्पेला (डाव्या वेंट्रिकलमध्ये बसवायचा छोटा पंप) काय, पुढे ढकलणार काय? तिथे एक्मोचा (रक्त शरीराबाहेर नेऊन ऑक्सिजन देऊन परत ढकलणाऱ्या यंत्राचा) विचार करायचा, पण तो डाव्या वेंट्रिकलवरचा भार वाढवतो हे धरूनच.

इम्पेलाचा २०२४ चा डेन्जर-शॉक अभ्यास हल्ली नातेवाईकही दाखवतात. तो हार्ट अटॅकच्या शॉकचा. बलूनने मृत्यू कमी न झाल्याचा २०१२ चा अभ्यासही अटॅकचाच. तुमच्या रुग्णाला दोन्ही जसेच्या तसे चिकटवू नका. त्याहून मोठा प्रश्न: यंत्र काढल्यावर पुढे काय? हृदय सावरेल, एलव्हॅड (डाव्या वेंट्रिकलसाठी शरीरात बसवायचा पंप), की प्रत्यारोपण? यातलं काहीच शक्य नसेल तर ते घरच्यांना आधीच सांगा.

बलून ठरलाच तर इकोत एओर्टिक झडपेची गळती बघा. मध्यम किंवा जास्त असेल तर नको. बलूनचं टोक डाव्या सबक्लेव्हियनच्या (डाव्या हाताला जाणाऱ्या धमनीच्या) साधारण २ सेंमी खाली. वर सरकलं तर डाव्या मनगटाची नाडी जाते, खाली सरकलं तर किडनीच्या धमन्या अडून लघवी. टायमिंग १:२ वर (दर दोन ठोक्यांना एकदा फुगवून) तपासा: फुगणं डायक्रोटिक नॉचवर (एओर्टिक झडप मिटताना दाबाच्या आलेखात पडणाऱ्या खाचेवर). बलून उशिरा रिकामा होणं सगळ्यात वाईट, कारण हृदयाला फुगलेल्या बलूनविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. पायाची नाडी दर तासाला, डॉप्लरने. हेलियमच्या नळीत रक्त दिसलं म्हणजे बलून फाटला: पंप बंद करून लगेच काढायचा.

नेताना बॅटरी आणि हेलियम तपासा, बलूनचा पाय सरळ, डोकं ३० अंशांपर्यंतच. वाटेत यंत्र बंद पडलं तर बलून अर्धा तास निपचित ठेवू नका, गुठळी धरते. नळीत रक्त नाही ना ते बघून सिरिंजने दर काही मिनिटांनी फुगवायचा आणि लगेच रिकामा करायचा.