‘मरून’ लोकांना पळपुटे म्हणावं का?

जमैकाच्या इतिहासावरच्या एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारलं आहे की, तिथल्या ‘मरून’ लोकांसाठी, म्हणजे गुलामीतून निसटून डोंगरात वस्ती केलेल्या आफ्रिकी लोकांसाठी, ‘पळपुटे गुलाम’ हा शब्द चालेल का? आणि मरून रंगाशी या नावाचं काही नातं आहे का?

रंगाचं आधी सांगून टाकतो. नातं नाही. रंगाचं नाव फ्रेंचमधून आलं, तिथे ते चेस्टनट या तपकिरी फळाचं नाव आहे. लोकांचं नाव आलं स्पॅनिशमधल्या ‘सिमारोन’वरून. आज हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक ज्या बेटावर आहेत, तिथे स्पॅनिश वसाहतवाल्यांची गुरं सुटून डोंगरात जात आणि रानटी होत. त्या गुरांना सिमारोन म्हणत. पुढे वसाहतीच्या जाचातून निसटलेल्या मूळ रहिवाशांना आणि मग आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनाही तेच नाव लागलं. मालकाच्या वहीत गुरं आणि गुलाम एकाच मालमत्तेत मोजले जात, तेव्हा शब्दही एकच पुरला. (फ्लोरिडातल्या सेमिनोल या आदिवासींचं नावही याच शब्दातून घडलं आहे.)

आता ‘पळपुटे’. माझं स्पष्ट मत आहे की हा शब्द वापरू नये. मराठीत ‘पळपुटा’ म्हटलं की दुसरा बाजीराव आठवतो. ज्याने उभं राहून लढायला हवं होतं आणि जो पळाला, तो पळपुटा. शब्दात भित्रेपणाचा ठपका आधीच बसलेला आहे. उलट १६६६ साली शिवाजी महाराज पहाऱ्यातून निघून आले, त्याला आपण ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो. कृती दोन्हीकडे निघून जाण्याचीच आहे. कोणाला तिथे राहणं भाग होतं आणि कोणाला डांबलं होतं, याचा निवाडा मराठीने शब्दातच केला आहे. मग साखरेच्या मळ्यातून जीव धोक्यात घालून बाहेर पडणाऱ्या बाईला आपण बाजीरावाच्या रांगेत का बसवायचं?

‘फरारी’ही मला खटकतो. तो पोलिसी शब्द आहे. फरारी म्हणताच आपण मालकाचा कायदा खरा धरतो.

या लोकांनी केलं काय, ते पाहिलं तर शब्द निवडणं सोपं जाईल. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका स्पेनकडून घेतली, त्या गोंधळात स्पॅनिशांच्या ताब्यातले अनेक आफ्रिकी डोंगरात गेले. नंतर इंग्रजांच्या मळ्यांतून निसटलेले त्यांना येऊन मिळत राहिले. त्यांनी रानात गावं वसवली, शेती केली, ‘अबेंग’ नावाच्या गाईच्या शिंगाच्या तुतारीवरून डोंगराडोंगरातून इशारे दिले आणि इंग्रजी फौजेला वर्षानुवर्षं जेरीला आणलं. नावंही जपली. त्यांचा पुढारी कजो, म्हणजे घानाकडच्या अकान भाषेत सोमवारी जन्मलेला मुलगा. दुसरा पुढारी क्वाओ, तो गुरुवारचा. आपल्याकडे सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी नावं ठेवतात, त्याच रीतीची ही नावं. मळ्यावर माणसाचं बाकी सगळं हिरावलं गेलं, तरी जन्मवार नावात टिकून राहिला. नॅनी ही त्यांची सेनानी आज जमैकाची राष्ट्रीय वीर आहे, पाचशे डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र असतं.

पण म्हणून ‘स्वातंत्र्यसैनिक’ही लिहू नका, असं मी सुचवेन. १७३९ मध्ये कजोने इंग्रजांशी तह केला. स्वातंत्र्य मिळालं, दीड हजार एकर जमीन मिळाली. त्याच तहात एक कलम होतं: यापुढे मळ्यातून निसटून येणाऱ्यांना मरूनांनी मालकाकडे परत द्यायचं आणि बंडं मोडायला मदत करायची. १७६० मध्ये टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांनी मोठा उठाव केला, तेव्हा मरून इंग्रजांच्या बाजूने लढले. स्वतःचं गाव वाचवण्यासाठी दुसऱ्याची वाट बंद करायची, हा सौदा त्यांना करावा लागला. तो सौदा मला मनापासून बोचतो. पण ज्यांच्या दारात बंदुका उभ्या होत्या, त्यांच्यावर तीनशे वर्षांनी इथे बसून शिक्का मारणंही मला जमत नाही. अनुवादाने दोन्ही गोष्टींना जागा ठेवावी, आणि ती जागा ‘मरून’ हे नावच देतं. मालकाने हिणवायला दिलेलं नाव त्यांच्या वंशजांनी अभिमानाने स्वतःचं केलं आहे. दर ६ जानेवारीला आकाँपाँग गावात कजोच्या नावाने उत्सव होतो, अबेंग वाजते.

ब्राझीलमध्ये निराळं घडलं. तिथल्या अशा वस्तीला ‘किलोंबो’ म्हणतात. हा शब्द मालकाच्या भाषेतला नाही, अंगोलातल्या किंबुंदू भाषेतला आहे, अर्थ लष्करी छावणी. त्यामुळे तिथे मराठी प्रतिशब्द शोधूच नये, किलोंबोच लिहावं.

एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. मराठीत ‘मरून’ हे ‘मरणे’चंही रूप आहे. ‘मरून डोंगरात राहिले’ असं लिहिलंत तर वाचणारा अडखळेल. म्हणून ‘मरून समाज’, ‘मरून वस्ती’ असं जोडून लिहा, निदान पहिल्या काही वेळा तरी. तुमचं वाक्य होतं, ‘पळपुट्या गुलामांनी डोंगरात आसरा घेतला.’ मी ते असं लिहीन: ‘गुलामीतून निसटलेल्या माणसांनी डोंगरात गावं वसवली; त्यांनाच पुढे मरून म्हणू लागले.’