ओळखलं होतंस, मग कॉल का केला नाहीस?

पोरा, अनेक आशीर्वाद.

रविवारचा पोकरचा तो डाव डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. तुझ्या हातात किलवर राणी आणि इस्पिक गुलाम. खाली सगळ्यांच्या सामाईक पानांत आधी बदाम राणी, बदाम नव्वी, किलवर चौकी, मग इस्पिक दुर्री; म्हणजे तुझी राण्यांची जोडी. दोन्ही वेळा तू बेट लावलीस, म्हणजे चिप्स पुढे केल्यास, काका मुकाट कॉल करत, तेवढ्याच चिप्स घालत आले. शेवटी चौकट राजा पडला. तू चेक म्हणालास, म्हणजे काही लावलं नाहीस, आणि तोंडातून शब्द पुरता निघाला नाही तोच त्यांनी तोवर जमलेल्या 600 चिप्सच्या पॉटमध्ये 600 सरकवले. तू पानं टाकलीस. त्यांनी हसत बदामाची अठ्ठी-सत्ती दाखवली: पाच बदाम जमले नव्हते, साधी जोडीही नव्हती.

जिन्यात तू म्हणालास, "मला कळलं होतं, त्यांचा बदाम हुकलाय." किती खात्री होती विचारल्यावर म्हणालास, 60-70 टक्के.

अरे, 600 घालून पॉटमधले 600 आणि काकांचे 600 असे 1200 मिळणार होते! असे तीन कॉल केलेस, त्यात दोनदा हरलास आणि एकदाच जिंकलास, तरी हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणजे 33 टक्क्यांच्या थोडं वर पुरे होतं, तुझ्याकडे त्याच्या जवळपास दुप्पट होतं. आणि तुझा अंदाज हवेतला नव्हता. खालचे दोन सोडून उरलेल्या 11 बदामांच्या 55 जोड्या होतात, त्यांत बदाम राजा असलेल्या, म्हणजे त्या चौकट राजाशी जोडी होणाऱ्या, फक्त 10. काका सगळ्या जोड्या खेळत नाहीत हे खरं, पण बदामाच्या मागे असलेला माणूस त्या राजावर बहुतेक वेळा रिकामाच राहतो. शिवाय चांगली पानं आली की काका आधी चिप्स मोजतात, मग लावतात. परवा मोजल्या नाहीत. हे तूच मला महिन्यापूर्वी सांगितलं होतंस.

आपण पैसे लावत नाही. मग भीती कशाची होती? मला वाटतं, चारचौघांत चूक उघडी पडण्याची. कॉल चुकला की सगळ्यांना दिसतो, टाकलेली पानं कुणी उलटून बघत नाही.

मला हे फार लागतं, कारण 2019 च्या ऑगस्टमध्ये मी हेच केलं. सांगलीच्या गावभागातलं आमचं घर. रोज कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचा पाणीपातळीचा आकडा बघून यायचो. 40 फूट इशारा, 45 धोका. पाणी गल्लीत येणार हे मनाला पटलं होतं, पण शेजारचं कुणी हलेना म्हणून मीही बसून राहिलो. पाणी 57 फुटांवर गेलं. आईचं शिलाई मशीन पाण्यात गेलं, ते एका संध्याकाळीत वरच्या मजल्यावर नेता आलं असतं. 40 फुटांवर घर सोडायची गरज नव्हती, पण मशीन तरी उचलायला हवं होतं.

तेवढंच पत्त्यांत कर. एकदा कुणी नाक खाजवलं म्हणून सगळ्या चिप्स पुढे ढकलू नकोस. अंदाज कच्चा असेल तर दोन्हीकडे तोललेल्या डावातच त्याचं ऐक. तीन-चारदा तीच खूण, तोच शेवट दिसला, की मोठ्या पॉटमध्येही ऐक. उलटंही तितकंच खरं: जो कधी ब्लफ करत नाही, म्हणजे हातात काही नसताना लावत नाही, त्यानं शेवटी रेज केलं, तुझ्यापेक्षा जास्त लावलं, तर दोन जोड्या असल्या तरी टाक, आणि जो पानं टाकतच नाही त्याला ब्लफ करायला जाऊ नकोस.

येत्या रविवारी छोटी वही आण. समोरच्याकडे काय आहे असं वाटतं, ते पानं उघडायच्या आधी लिही, शेजारी टक्के लिही, आणि तू काय केलंस तेही. डाव संपला की आपण दोघं गच्चीत बसून बघू.