फायरवॉलच्या आत जेन्किन्स कसं बसवायचं?

प्रश्न: भाऊ नमस्कार, मी तालुक्याच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. फायनल इयरच्या पोट्ट्यांचा कोड आपोआप बिल्ड अन् टेस्ट व्हावा म्हणून लॅबमधल्या उबुंटूच्या मशीनवर जेन्किन्स टाकलं. पहिला पासवर्ड टाकेपर्यंत सगळं बरोबर, मंग ऑफलाइन आहे म्हणून दाखवून राहिलं, एकही प्लगइन उतरत नाही. त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये जेन्किन्सची साइट मात्र उघडते! नेटवर्कवाले सर म्हणतात आम्ही साइट खुली करून दिली. पोट्टे म्हणतात मोबाईलचा हॉटस्पॉट लावून टाका. लावू का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: हॉटस्पॉट नका लावू भाऊ, हे आधी सांगतो. एकच मशीन कॉलेजच्या नेटवर्कात अन् मोबाईलवर दोन्हीकडे जोडली की बाहेरून आत यायला एक दार उघडं होते, उद्या काही झालं तर नाव तुमचं येईन, सरांचं नाही.

आता ब्राउझरमध्ये साइट उघडते अन् जेन्किन्सला काहून उघडत नाही ते पाहा. ब्राउझरमध्ये कॉलेजचा प्रॉक्सी (बाहेरच्या नेटवर जायचा मधला सर्व्हर) भरलेला असते, जेन्किन्सला तो दिसत नाही, कारण ते जावावर चालणारी सर्व्हिस आहे अन् तिचा युजरही वेगळा, नावच जेन्किन्स. ऑफलाइनवाल्या पानावरच प्रॉक्सी भरायचं बटण आहे, तिथं सरांकडून पत्ता अन् पोर्ट घेऊन भरा, अन् प्रॉक्सी नको असलेल्या पत्त्यांच्या रकान्यात लॅबमधल्या मशीनी टाका, नाहीतर आतलंच काम बाहेरून फिरून यायला पाहते.

इतकं करून कधीकधी "पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड" अशी लाल ओळ लॉगमध्ये येते. म्हणजे फायरवॉल एचटीटीपीएस मध्येच उघडून तपासते अन् स्वतःचं सर्टिफिकेट लावून पुढं पाठवते. मशीनवर ते सर्टिफिकेट टाकलेलं असलं तरी जावा बरेचदा स्वतःची वेगळी यादी पाहते, म्हणून सरांकडून ते सर्टिफिकेट मागा, कीटूल नावाच्या जावाच्याच कमांडनं जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (भरवशाच्या सर्टिफिकेटांची हीच ती यादी) टाका अन् जेन्किन्स रीस्टार्ट करा. सर्टिफिकेट तपासणंच बंद करा असा सल्ला कोणी देईन, तो बिलकुल ऐकू नका.

सरांनी साइट खुली केली हे खरं असंन, पण अपडेट्स डॉट जेन्किन्स डॉट आयओ वर फक्त यादी मिळते, फाईल मागितली की ते गेट डॉट जेन्किन्स डॉट आयओ कडं पाठवते अन् तिथून जवळच्या कोण्या मिररवर (त्याच फाईलींची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर), त्या मिररचं नाव वेगळंच असते आणि बदलतही राहते, त्यामुळं एक-दोन नावं खुली करून भागत नाही. सरांना हे नीट सांगा, त्यांची चूक नाही यात.

प्रॉक्सी मिळतच नसंन तर पेनड्राइव्हचा रस्ता आहे, अन् खरं सांगू का, बंद लॅबसाठी मला तोच जास्त भरवशाचा वाटते. फक्त एकेक प्लगइन हातानं उतरवत बसू नका. गिट (कोडमधले बदल सांभाळणारं टूल) त्याचं प्लगइन म्हणजे एकटा पाहुणा नाही, अख्खी वरात घेऊन येते, गिट क्लायंट, क्रेडेन्शियल्स, एससीएम एपीआय अन् त्यांचे आणखी सोयरे, एक जरी राहिला तर गिट लोडच होत नाही. त्यासाठी जेन्किन्सवाल्यांचंच प्लगइन इन्स्टॉलेशन मॅनेजर नावाचं टूल आहे, एकच जार फाईल. घरच्या नेटवर ते चालवा, लॅबमध्ये जे व्हर्जन टाकलं नेमकी तीच वॉर फाईल (जेन्किन्सची मुख्य प्रोग्राम फाईल) त्याला द्या, अन् प्लगइनची नावं एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहा, सुरुवातीला गिट अन् पाइपलाइन पुरे (पाइपलाइनचं नाव तिथं वर्कफ्लो ॲग्रिगेटर असं लिहावं लागते). सोबतचे सगळे ते स्वतः शोधून एका फोल्डरमध्ये आणून ठेवते. ते लॅबमध्ये जेन्किन्सच्या होममधल्या प्लगइन्स फोल्डरमध्ये टाका, फाईलींचा मालक जेन्किन्स युजर करा, हे बहुतेक जण विसरतात, रीस्टार्ट करा अन् ऑफलाइनच्या पानावर प्लगइन वगळून पुढं जा. जावा २१ ठेवा, जुनं ८ अन् ११ आताच्या जेन्किन्सला चालत नाही.

ती टेक्स्ट फाईल जपून ठेवा. लॅब बंद आहे म्हणून अपडेट नको असं नसते, प्लगइनमध्ये सुरक्षेची भोकं सापडत राहतात. एलटीएसची (जेन्किन्सच्या जास्त दिवस टिकणाऱ्या स्थिर व्हर्जनची) नवी शाखा दर १२ आठवड्यांनी येते, तेव्हा तीच यादी नव्या वॉरसोबत पुन्हा चालवायची.

आणखी एक, जेन्किन्सचा प्रॉक्सी मेवनला (जावाचा कोड बिल्ड करणारं टूल) आपोआप लागू होत नाही. त्याच्या सेटिंग्ज फाईलमध्ये वेगळा भरा, तोही जेन्किन्स युजरच्या होममध्ये, तुमच्या लॉगिनच्या नाही.

अन् कोड गिटहबवर असंन तर वेबहुक (नवा कोड आला की गिटहबनं जेन्किन्सला कळवणं) विसरा, बाहेरून आत कोणी येऊ शकत नाही. गिटहबकडं जायला वाट असंन तर पोल एससीएम (जेन्किन्सनंच थोड्या थोड्या वेळानं जाऊन नवा कोड आला का पाहणं) लावा, दर १५ मिनिटांनी पुरते. वेळ लिहिताना मिनिटाच्या जागी ठरलेला आकडा न टाकता एच/१५ (H/15) घाला, म्हणजे साऱ्या ग्रुपचे बिल्ड एकाच वेळी सुरू होऊन मशीन बसणार नाही.