‘ऑर्थो’चे नाते हाडाशी नाही, ‘उभा’शी आहे

‘ऑर्थोपेडिक’ या शब्दातील ‘ऑर्थो’ म्हणजे ग्रीक भाषेतील हाड काय, असे एका वाचकाने विचारले आहे. अजिबात नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतील दवाखान्यांवर एका पाटीत ‘ऑर्थोपेडिक’ आणि तिच्याच खाली ‘अस्थिरोगतज्ज्ञ’ असे लिहिलेले असते, त्यावरून ऑर्थो म्हणजे अस्थी हे समीकरण लोकांनी मांडले. आता तर चांगली शिकलेली माणसेही ‘गुडघ्याला ऑर्थो झालाय’ म्हणू लागली आहेत. ग्रीकमध्ये हाडाला ‘ऑस्टिऑन’ म्हणतात आणि ते आपल्या ‘अस्थि’चे सख्खे भावंड आहे. सांध्याला ‘आर्थ्रॉन’ म्हणतात, त्यावरून आर्थ्रायटिस. ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, ताठ. म्हणून तर दात सरळ करणारा ऑर्थोडॉन्टिस्ट.

पूर्ण शब्द पॅरिसचे वैद्य निकोलस आंद्री यांनी १७४१ मधील आपल्या ग्रंथासाठी घडवला. ‘ऑर्थोस’ला त्यांनी मूल या अर्थाचा ‘पायडिऑन’ जोडला, कारण विषय मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याचा व सुधारण्याचा होता. खुद्द कर्त्याने फोड करून दिलेली असताना ‘पेडिक’ला लॅटिनमधील पायाशी नेऊन बांधणाऱ्यांना काय म्हणावे?

खरी गंमत ‘ऑर्थोस’च्या कुळात आहे. संस्कृत ‘ऊर्ध्व’ हा त्याचा नातलग असल्याचे मत जुने आहे आणि मला ते पूर्ण पटते. ‘ऊर्ध्व’चे प्राकृतात ‘उब्भ’ झाले आणि त्यातूनच आपला ‘उभा’ आला. म्हणजे पाय मोडलेल्या पैलवानाला ऑर्थोपेडिक डॉक्टर पुन्हा उभा करतात, तेव्हा त्या वाक्यात एकाच घराण्यातील दोन शब्द शेजारी येतात. मरणासन्न माणसाला ‘ऊर्ध्व लागला’ असे आपण म्हणतो, त्यातला ‘ऊर्ध्व’ही हाच.

यावर काही व्युत्पत्तिकार नाक मुरडतात. संस्कृतातील दीर्घ ‘ऊ’ आणि ग्रीकमधील ऱ्हस्व ‘ऑ’ यांचा मेळ नियमाने बसत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु प्राचीन ग्रीसमधील स्पार्टातील शिलालेखांत आर्टेमिस ऑर्थिया या देवतेचे, ‘ऑर्थोस’शी जोडले जाणारे नाव आरंभी ‘व’ घेऊन कोरलेले आढळते, आणि आरंभीचा ‘व’ संस्कृतात ‘ऊ’मध्ये कसा विरतो हे लोकरीच्या ‘ऊर्णा’ आणि लिथुआनियन ‘विल्ना’ या जोडीवरून दिसते. एवढा पुरावा समोर असताना केवळ स्वराच्या मापावर बोट ठेवून हे नाते मोडीत काढणाऱ्यांनी ‘ऑर्थोस’चा याहून बरा सोयरा दाखवावा.