दहा बाय दहाच्या खोलीत आठ इंची मॉनिटर नकोत

घरच्या रेकॉर्डिंगसाठी मॉनिटर, म्हणजे मिक्स करताना ऐकायचे स्पीकर, कुठले घ्यावेत असं तुम्ही विचारलंय. (पाच इंची, आठ इंची हे माप त्यातल्या वूफरचं, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचं.) तुम्ही लिहिलंय की खोली दहा बाय दहा फुटांची आहे, छत साडेनऊ फुटांवर. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची डबी) आहे, अभंग आणि भावगीतं रेकॉर्ड करता, सोबत पेटी, तबला, तानपुरा, आणि गळा काळी एकच्या पट्टीचा. दुकानदार म्हणतोय, "थोडे पैसे वाढवा आणि आठ इंची न्या, बेस भरपूर मिळेल."

नका नेऊ. पाच इंची जोडी घ्या आणि उरलेले पैसे खोलीवर खर्च करा.

हे मी चटका बसल्यावर सांगतोय. मीही आधी आठ इंचीच घेतले होते, तुमच्याएवढ्याच खोलीसाठी. पहिल्या दिवशी डग्ग्यावर घिस्सा मारला की टेबल थरथरायचं, आणि मला वाटायचं, काय आवाज आहे! मग मिक्स करताना, म्हणजे सगळ्या आवाजांच्या पातळ्या जुळवताना, तो डग्गा जास्त वाटायला लागला, म्हणून मी तो कमी करत गेलो. शेवटी एका मित्राच्या गाडीत ते गाणं लावलं, तर डग्गा जवळजवळ नाहीच, नुसती चाटीची टकटक. स्पीकर बरोबर होते. माझी खोली डग्गा फुगवत होती आणि मी खोलीचा आवाज ऐकून गाणं कापत बसलो होतो.

असं का होतं ते बघा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट अंतर असेल, तर साधारण ५६ हर्ट्‌झचा आवाज तिथे अडकून घुमतो. तुमची खोली चौरस, म्हणजे लांबीत ५६ आणि रुंदीतही ५६. छताचा हिशोब केला तर तोही ५९-६० च्या आसपास येतो. तिन्ही एकाच जागी चढतात. आठ इंची वूफर नेमका याच पट्ट्यात जास्त जोर लावतो, म्हणजे आधीच घुमणाऱ्या खोलीला आणखी चिथावणी.

स्वतः करून बघा. इंटरनेटवर टोन जनरेटर फुकट मिळतात. ५६ हर्ट्‌झचा सूर मध्यम आवाजात लावा (फोनच्या स्पीकरवर तो ऐकू येणार नाही, मोठा स्पीकर लागेल) आणि खोलीत सावकाश चाला. बरोबर मधोमध उभं राहिलात की आवाज विरतो. कोपऱ्यात कान नेलात की तोच आवाज अंगावर येतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा स्पीकर बंद पडला असं वाटून वायर तपासायला गेलो होतो. म्हणून खुर्ची खोलीच्या मध्यावर कधीच नको.

आता पाच इंची पुरतील का? तुमच्याच गळ्यावरून हिशोब करू. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. यामाहाच्या पाच इंची एचएस५ च्या माहितीपत्रकात ५४ हर्ट्‌झ लिहिलेलं असतं, पण तो आकडा आवाज १० डेसिबलने घटल्यावरचा आहे. ३ डेसिबलच्या घटीला तो ७४ वर थांबतो. जेबीएलच्या पाच इंची ३०५पी एमके२ चे हेच दोन आकडे ४३ आणि ४९. म्हणजे खर्जाची तार एचएस५ वर थोडी उतरलेली पण स्पष्ट, आणि ३०५पी वर पूर्ण. तुमच्या संगीतात याखाली फारसं काही नाही. कुठलंही माहितीपत्रक वाचताना हा उणे ३ की उणे १० एवढा प्रश्न आधी विचारा, नाहीतर दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

माझी पसंती? गायन मुख्य असेल तर एचएस५. गळ्याचा आणि पेटीचा मधला पट्टा ते फार उघडा दाखवतात; शब्द पेटीखाली दबला की लगेच कळतं. ऐकायला गोड नाहीत, आणि ते बरंच आहे. डग्गा आणि खर्ज जास्त महत्त्वाचे असतील तर ३०५पी. काली ऑडिओचे एलपी-६ साडेसहा इंची आहेत, पण त्यांचं पोर्ट (बेसची हवा बाहेर सोडणारं भोक) पुढच्या बाजूला आहे आणि मागे भिंतीजवळ किंवा टेबलावर ठेवण्याप्रमाणे आवाज जुळवायची बटणं आहेत. तुमच्या खोलीत मी त्यापेक्षा मोठं काहीच नेणार नाही. साडेतीन इंची छोट्या जोड्या रियाज ऐकायला ठीक, डग्ग्याचा निर्णय त्यांच्यावर करू नका. आणि किंमत बघताना ती एका नगाची आहे की जोडीची हे नीट वाचा. एचएस५ आणि ३०५पी सुटे विकले जातात.

जागेचं मात्र मनावर घ्या, निम्मं काम तिथेच आहे. बरेच जण सांगतील की स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घ्या. तुमच्या बाबतीत हाच सल्ला मारक आहे. वूफर मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असला की भिंतीवरून परतलेला आवाज साधारण १४० हर्ट्‌झला उलटा येऊन मिळतो आणि तिथे खड्डा पडतो. १४० म्हणजे तुमचा षड्ज! गाण्याचा पायाच पातळ ऐकू येईल आणि तुम्ही तो उगाच चढवाल. त्यापेक्षा स्पीकर भिंतीला जवळ ठेवा, मागे चार-पाच इंच सोडून. तो खड्डा मग २४० च्या आसपास सरकतो, जिथे आवाज शोषणारं जाड पॅनल लावून त्याला आवरता येतं. भिंतीजवळ बेस थोडा वाढेल, त्यासाठी एचएस५ च्या पाठीवर 'रूम कंट्रोल' आहे, ते उणे २ वर करा. दोन स्पीकरमध्ये तीन फूट, आणि तुमच्या डोक्यापासून प्रत्येक स्पीकर तीन फूट. म्हणजे डोकं समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर येतं आणि खोलीच्या मधोमध आवाज विरतो ती जागा टळते. ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला हवा. टेबल बुटकं असेल तर खाली विटा ठेवा, वर रबराचा तुकडा.

अंड्यांचे ट्रे आणि एक इंची फोम यावर एक रुपया घालू नका. ते फक्त वरचे सूर खातात. गळा मंद होतो आणि घुमणं तसंच राहतं. रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) चार इंच जाडीचे पॅनल सुती कापडात शिवून घ्या: दोन समोरच्या कोपऱ्यांत उभे, एक स्पीकरच्या मागे, दोन डाव्या-उजव्या भिंतीला, जिथे भिंतीवर आरसा धरला तर खुर्चीवरून त्यात स्पीकर दिसेल तिथे. हे होईपर्यंत घरातल्या कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करा. माझ्या पहिल्या वर्षभराच्या मिक्समध्ये आजीच्या दोन गाद्यांचा मोठा वाटा आहे.

इंटरफेसपासून स्पीकरपर्यंतची केबल बॅलन्स्डच (बाहेरची खरखर रोखणारी) घ्या. तरीही घूं आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर अर्थिंगचा प्रश्न आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लगची तिसरी पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

फ्लॅटमध्ये रात्री हळू आवाजात काम करणार असाल तर एक लक्षात ठेवा: हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. तेव्हा डग्ग्याची पातळी रात्री ठरवू नका, दिवसा नेहमीच्या बोलण्यापेक्षा थोड्या वरच्या आवाजात ठरवा.

दुकानात जाताना स्वतःचं एक रेकॉर्डिंग न्या, ज्यात तानपुरा एकटा वाजतोय. जवारी (तारेची झणकार) दोन्ही स्पीकरवर सारखी उलगडते का ते ऐका. मग आवाज पूर्ण बंद करून कान ट्वीटरजवळ न्या आणि सावकाश मागे सरका. तीन फुटांवरूनही सळसळ ऐकू आली तर तो नग सोडा.

खोलीचं दार आणि खिडकी कुठल्या भिंतींत आहेत आणि कपाट कुठे आहे तेवढं लिहा, म्हणजे टेबल कुठल्या भिंतीला लावायचं ते नेमकं सांगतो.