लावणीतल्या चिखल्या आणि पुण्याहून आलेली बाटली

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी खानापूर तालुक्यातला शेतकरी, वय 46. भाताची लावणी सुरू झाली की दरवर्षी पायाच्या बोटांत चिखल्या होतात. यंदा जांघेत आणि कमरेलाही गजकर्ण उठलंय. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, चार दिवसांत खाज गेली, पण ट्यूब संपली तसं दुप्पट आलं. मग पुण्याच्या भाच्यानं टी ट्री ऑइलची बाटली पाठवली. नैसर्गिक आहे, काही होत नाही म्हणाला. तसंच लावलं तर जांघेत आग आग झाली, कातडी सोलली. सोडून देऊ की पातळ करून लावू? घरात निलगिरीचं तेलही आहे.

उत्तर : जांघेत ते तेल आजपासून बंद. निलगिरीचंही तिथं लावू नका, ते रुमालावर दोन थेंब टाकून हुंगायला ठेवा. आणि भाच्याला सांगा, बिब्बाही नैसर्गिकच असतो. तो उतला की काय होतं ते घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असेल.

बाटलीत खोट आहे असं मात्र नव्हे. हे तेल आपल्या चहाच्या झाडाचं नाही, ऑस्ट्रेलियातल्या एका वेगळ्याच झाडाच्या पानांचं आहे. चिखल्या आणि गजकर्ण ही दोन्ही बुरशीचीच दुखणी, आणि या तेलातल्या काही द्रव्यांनी बुरशी मरते. 2002 साली चिखल्यांवर झालेल्या एका चाचणीत 25 टक्के तेलाचं द्रावण दिवसातून दोनदा, चार आठवडे लावलं होतं. नुसतं बिनतेलाचं द्रावण लावणाऱ्यांपेक्षा या लोकांना गुण जास्त आला. काहींची कातडी मात्र त्यानंच बिघडली. तेव्हा लावायचंच असेल तर फक्त पायाच्या बोटांत, तेही तिथं चीर किंवा जखम नसेल तर. एक चमचा तेलाला तीन चमचे खोबरेल घ्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघा. बाटली जुनी झाली, उघडी राहिली की तेल हवेनं बिघडतं आणि जास्त झोंबतं. पोरांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर विष आहे.

तेलापेक्षा बोटं कोरडी ठेवण्यानंच चिखल्या लवकर हटतात. खानापूरच्या पावसात पाय उन्हात वाळवा असं सांगायला मी काही वेडी नाही. संध्याकाळी पाय धुतले की जुन्या धोतराची चिंधी प्रत्येक बोटाच्या बेचक्यातून ओढून घ्या आणि घटकाभर चुलीपुढं बसा. ओले गमबूट रात्री उलटे टांगा.

आता त्या ट्यूबकडे येते. तुम्ही ती एका वाक्यात उरकलीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. चार दिवसांत खाज जाते आणि बंद केलं की दुप्पट उसळतं, म्हणजे त्यात बहुतेक स्टेरॉइड मिसळलेलं असणार. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, बुरशीला मात्र मोकळं रान देतं. आठवड्यातून दोन-तीन तरी असे रोगी माझ्यापुढं बसतात. गोल चट्ट्याची किनार पुसली गेलेली, जांघेतली कातडी पातळ होऊन पांढरे वळ उठलेले. मराठी बोलणारा येवो की कन्नड, दोघंही गजकर्णच म्हणतात आणि दोघांच्या खिशात तसलीच ट्यूब असते. त्यात अलीकडे आपल्याकडची बुरशी चिवट झालीय, नेहमीच्या गोळ्यांनाही पुष्कळदा दाद देत नाही. तिच्यापुढं बाटलीतलं तेल काय टिकणार?

आमची आजी पावसाळ्यात टाकळ्याची पानं वाटून लावायची. टाकळ्याचं एक संस्कृत नावच दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण मारणारा. पण सोललेल्या जांघेवर तोही नको.

कमरेचा चट्टा करदोट्याखाली आहे का बघा. भिजलेला करदोटा दिवसभर कातडीला चिकटून असतो, त्यात बुरशी दबा धरते. काढून टाका, घरात कुणी रागावलं तर माझं नाव सांगा. तुमचा टॉवेल दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचंही औषध एकदमच सुरू व्हायला हवं, नाहीतर ते एकमेकांकडून फिरत राहतं. रक्तातली साखरही एकदा तपासून घ्या.

औषध त्वचारोगतज्ज्ञाकडूनच घ्या, जिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. मलम मिळेल ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस. जाताना ती रिकामी ट्यूब खिशात टाका. फेकली असेल तर मेडिकलवाल्याकडून तिचं नाव कागदावर लिहून घ्या.